वाडीपुढचा समुद्र : लाटा खरंच वाढल्यात का, आणि दगडी भिंत घालावी का?

कारेलीबागची माहेरवाशीण

नमस्कार मंडळी. आम्ही बडोद्यात कारेलीबागेत राहतो. माझ्या माहेरची वाडी दापोली तालुक्यात, अगदी पुळणीला लागून आहे. माड, थोड्या पोफळी, चिरेबंदी घर, आणि सातबारावर आम्ही चार चुलत भावंडं.

गेल्या पावसाळ्यात अमावस्येच्या उधाणाला समुद्राकडचा गडगा गेला आणि दोन माड मुळासकट आडवे झाले. दिवाळीनंतर मी गेले तेव्हा पहिल्या ओळीतल्या उरलेल्या माडांची मुळं हातभर उघडी पडली होती. त्यांच्याखाली वाळू नव्हती, काळी चिकट माती होती. बोट रुतत होतं, वास खाडीसारखा. ही माती मी तिथे जन्मात पाहिलेली नाही. विहीर अजून गोडी आहे, पण एप्रिल-मेमध्ये पाणी मचूळ लागतं असं तिथे राहणारा दादा सांगतो.

दादाचं म्हणणं, शेजाऱ्यांसारखी काळ्या दगडाची भिंत घालू. प्रत्येकी साडेतीन लाख येतात. ठाण्याचा भाऊ म्हणतो, विकून मोकळे होऊ. काकू ऐंशीच्या पुढची आहे. ती म्हणते की तिचं लग्न होऊन ती आली तेव्हा घरापासून पाण्यापर्यंत जाताना वाळूने पाय भाजायचे, एवढी रुंद पुळण होती.

इथे बडोद्यात कुणाशी बोलायला जावं तर लोकांना समुद्र म्हणजे खंभातच्या आखातावरची कावी-कंबोई. मला नीट समजून घ्यायचंय. पूर्वीपेक्षा लाटा मोठ्या झाल्यात का? पेपरात दर पावसाळ्यात 'साडेचार मीटरच्या लाटा' येतं, ते काय असतं? आणि भिंतीसाठी पैसे द्यावेत का? मला फेब्रुवारीपर्यंत उत्तर कळवायचंय.

मांजलपूरकर

ताई, भाऊ म्हणतात तेच बरोबर. गिऱ्हाईक आहे तोवर विका. समुद्राशी कोण भांडणार?

वाघोडिया रोड

मी उलट सांगते. माझं सासर श्रीवर्धनच्या बाजूला. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या घरापुढे दगडी बंधारा होता. छप्पर वाऱ्याने नेलं, पण पाणी ओट्याच्या वर आलं नाही. बंधारा नसता तर घरातली माणसं कुठे असती याचा विचारही करवत नाही. ज्याच्या दारात पाणी येतं त्याला भिंतच दिसते. आधी घर वाचवा, पुळणीचं नंतर बघा.

रावपुरा

ताई, मी बंदरांच्या कामांवर समुद्राच्या मोजणीत आयुष्य घालवलं. दहेजला होतो, खाली रत्नागिरीपर्यंत कामं केली. आता रावपुऱ्यात घरी असतो. थोडं लांबलचक लिहितोय, पण तुमचा प्रश्न साडेतीन लाखांचा आहे, तेव्हा वाचा.

तुमच्या पोस्टमध्ये सगळ्यात मोलाची आहे ती काळी माती. वाळूची पुळण बहुतेक ठिकाणी जुन्या खाडीच्या नाहीतर दलदलीच्या गाळावर पसरलेली असते. वर वाळू असेपर्यंत तो गाळ दिसत नाही. तो दिसला याचा अर्थ वरची वाळू पार गेली. प्रश्न असा, की ती गेली ती परत यायची आहे का. पुळणीचा आणि समुद्राचा दरवर्षीचा उसनवारीचा व्यवहार असतो. पावसाळ्यात उंच आणि आखूड अंतराने येणाऱ्या लाटा वाळू ओढून नेतात आणि थोडं आत, पाण्याखाली तिचा दांडा करून ठेवतात. पाऊस सरला, समुद्र निवला, की तीच वाळू सावकाश किनाऱ्याला परत येते. हे ऑक्टोबरात सुरू होतं आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत चालतं. दिवाळीनंतर तुम्ही पाहिलंत तेव्हा ती अजून वाटेत असू शकते. म्हणून दिवाळीच्या फोटोवरून भिंतीचा निर्णय घेऊ नका. गेल्या फेब्रुवारीचा फोटो आणि या फेब्रुवारीचा फोटो शेजारी ठेवा. मे आणि ऑगस्टची तुलना केली तर कोकणातली प्रत्येक पुळण खचत चाललेली दिसेल.

आता साडेचार मीटर. तो आकडा लाटेचा नसतोच. तो भरतीच्या पाण्याच्या पातळीचा असतो, नकाशावर धरलेल्या शून्यापासून मोजलेला. मुंबईत पावसाळ्यात ज्या दिवशी भरती साडेचार मीटरच्या वर जाणार त्या दिवसांची यादी आधीच तयार असते, कारण ते चंद्र-सूर्याचं गणित आहे. पेपरवाले त्याला लाट म्हणतात आणि लोक चौपाटीवर दुमजली लाट बघायला जातात. लाट ही त्या पातळीच्या वर येते, ती वाऱ्याने होते आणि तिची यादी वर्षभर आधी कुणालाच करता येत नाही.

कावी-कंबोईचं निघालंय तर सांगतो. स्तंभेश्वराचं लिंग दिवसातून दोनदा बुडतं ते भरतीमुळे. खंभातचं आखात वर निमुळतं होत जातं, त्यामुळे भावनगरकडे उधाणाची भरती दहा मीटरच्या पुढे जाते. लाट मात्र तिथे बेताची, कारण तोंडाशी वाळूचे दांडे आणि आत उथळ गाळ, मोठी लाट आत पोचेपर्यंत दमते. तुमच्या दापोलीला याच्या उलट आहे. भरतीची झेप तीनेक मीटर, पण समोर उघडा अरबी समुद्र. पावसाळ्यात खोल पाण्यात तीन ते पाच मीटरच्या लाटा, हिवाळ्यात मीटरभर.

लाटा वाढल्यात का? उपग्रहावरून लाटांची उंची १९८५ पासून मोजली जाते. मेलबर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी १९८५ ते २०१८ चा सगळा हिशेब २०१९ मध्ये छापला. सर्वात ठळक वाढ अंटार्क्टिकाभोवतीच्या दक्षिण महासागरात निघाली. तिथल्या सर्वांत मोठ्या लाटा सुमारे ३० सेंटिमीटरने, म्हणजे ५ टक्क्यांनी वाढल्या. ५ टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण लाटेची ताकद उंचीच्या वर्गाने वाढते, म्हणजे मार जवळजवळ १० टक्क्यांनी वाढला. १९४८ पासूनची वाऱ्यांची नोंद घेऊन केलेल्या दुसऱ्या एका अभ्यासात जगभरच्या लाटांची एकूण ऊर्जा वर्षाला ०.४ टक्क्याने वाढत आलेली दिसली.

दक्षिण महासागर आणि दापोली यांचा काय संबंध, असं वाटेल. फार जवळचा संबंध आहे. तिकडच्या वादळातून निघालेल्या लांब लाटा, ज्यांना आम्ही स्वेल म्हणतो, ताशी ४५ किलोमीटरच्या आसपास वेगाने सहा दिवसांत आपल्याकडे पोचतात. इथे वारा नाही, आकाश निळं, आणि समुद्र एकाएकी पुळणीवर चढतो. केरळात याला कल्लक्कडल म्हणतात. ३१ मार्च २०२४ ला तिथल्या किनाऱ्यावरची घरं अशीच पाण्यात गेली, आणि पुढच्या मे महिन्यात हैदराबादच्या इन्कॉइसने, म्हणजे समुद्राचे इशारे देणाऱ्या सरकारी संस्थेने, महाराष्ट्रालाही उंच लाटांचा इशारा दिला होता.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण सगळे फक्त उंची विचारतात. एका लाटेमागून दुसरी किती सेकंदांनी येते हे तितकंच महत्त्वाचं. खोल पाण्यात ८ सेकंदांची लाट शंभर मीटर लांब असते, १६ सेकंदांची चारशे मीटर. दोघींची उंची मीटरभरच असली तरी १६ सेकंदांची लाट पुळणीवर साधारण दुप्पट वर चढते. उंचीचा आकडा न बदलता तुमचा गडगा जाऊ शकतो तो असा.

तिसरी गोष्ट दिशा. लाटा किनाऱ्याला तिरक्या येतात तेव्हा वाळू किनाऱ्याकडेने सरकत नेतात. पावसाळ्यात त्या नैऋत्य-पश्चिमेकडून येतात, आणि थंडीत इराणच्या आखाताकडच्या शमाल वाऱ्यांच्या लाटा वायव्येकडून. एक जण वाळू उत्तरेला ढकलतो, दुसरा दक्षिणेला. वर्षानुवर्षं हे जवळपास फिटलेलं असतं. यातल्या एकीचा जोर किंवा कोन थोडा बदलला तरी दोन डोंगरनाकांच्या मधली पुळण अख्खी फिरते. एका टोकाला वाळू साठते, दुसऱ्या टोकाचे माड जातात. तुमच्या गावच्या दुसऱ्या टोकाला पुळण रुंद झालीय का, हे दादाला विचारा.

आणि या सगळ्याच्या खाली समुद्राची पातळी. उत्तर हिंदी महासागरात १९९३ ते २०१७ या काळात ती वर्षाला ३.३ मिलिमीटरने वाढली. तीस वर्षांत हे दहा सेंटिमीटर. ५० ला १ उतार असलेल्या पुळणीवर दहा सेंटिमीटर म्हणजे पाच मीटर जागा, नुसत्या पातळीनेच. काकूंची आठवण मला खरी वाटते.

वादळांचं सांगायचं तर पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेच्या संशोधकांनी २००१ ते २०१९ ची तुलना त्याआधीच्या दोन दशकांशी केली, तेव्हा अरबी समुद्रातली चक्रीवादळं ५२ टक्क्यांनी वाढलेली निघाली. मे महिन्यातलं वादळ, जसं तौक्ते, येतं तेव्हा पुळण निदान भरलेली असते. मला जास्त धास्ती दिवाळीच्या वादळांची वाटते. २००९ च्या नोव्हेंबरातलं फयान, २०१९ च्या ऐन दिवाळीतलं क्यार. क्यार तर किनाऱ्याला लागलंही नाही, खोल समुद्रातून गेलं, तरी त्याच्या लाटांनी कोकणपट्टी झोडपली. त्या वेळी वाळू परतलेली नसते आणि लाट थेट माडाच्या मुळाला भिडते.

भिंतीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. पुळणीवर उभी दगडी भिंत घालू नका. लाट पुळणीवर चढते तेव्हा तिचा जोर उतारावर जिरतो. भिंतीवर आपटली की ती परत फिरते, खाली खणते आणि भिंतीच्या पायाची वाळू घेऊन जाते. काही वर्षांत भिंतीपुढे पुळण उरत नाही आणि दगड त्या खड्ड्यात घसरतात. रत्नागिरीचा मिऱ्या बंधारा किती पावसाळ्यांत ढासळला आणि पुन्हा बांधावा लागला हे कोकणात सगळ्यांना माहीत आहे. तिथे निदान सरकारचा पैसा होता. तुमची चौघांची भिंत दुसऱ्या खेपेला कोण दुरुस्त करणार? शिवाय सीआरझेडच्या, म्हणजे किनारी नियंत्रण क्षेत्राच्या, नियमांत किनाऱ्यावर असं बांधकाम राज्याच्या सागरी किनारा प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय चालत नाही. ठेकेदार हे सांगत नाहीत.

वाघोडिया रोडच्या ताईंचं घर वाचलं ते खरंच, आणि त्याचं मला मनापासून समाधान आहे. एका वादळापुरती भिंत पाणी अडवते. जिथे मागे हटायला जागाच नाही, रस्ता किंवा दाट वस्ती अगदी काठावर आहे, तिथे बंधारा घालावाच लागतो. तुमच्याकडे वाडी आहे, म्हणजे मागे जागा आहे. ती जागा हीच तुमची खरी भिंत.

कारेलीबागची माहेरवाशीण

काका, तुमचं उत्तर दादाला फोनवर वाचून दाखवलं. तो म्हणतो, दुसऱ्या टोकाची पुळण रुंद झालेली नाही, तिथेही कमीच आहे. आणि आणखी एक सांगितलं. शेजाऱ्यांची भिंत जिथे संपते, तिथून आमच्या हद्दीत अर्धवर्तुळाकार खाच पडलीय आणि पडलेले दोन्ही माड त्या खाचेतलेच. शेजारी म्हणतात, तुम्हीही भिंत पुढे न्या म्हणजे खाच बुजेल.

हर्णैचा, सध्या फतेगंज

मी हर्णै बंदराकडचा. एम. एस. विद्यापीठात शिकतो, फतेगंजला राहतो. घरची पिढीजात मासेमारी.

ताईंनी सांगितलेली खाच आमच्या बाजूलाही भिंत संपते तिथे दिसते. माझे बाबा बोटीवरून येताना सांगतात की पुळण कुठून खाल्ली जाणार ते भिंतीचं टोक बघून कळतं. पुढच्याने भिंत वाढवली की खाच त्याच्या पुढच्याच्या वाडीत जाते.

दुसरं, दोन्ही टोकांना वाळू कमी असेल तर वाळू फिरत नाहीय, संपतेय. जवळ खाडी आहे का? खाडीच्या मुखाशी रात्री वाळूचा उपसा चालतो का? आमच्याकडे जुनी माणसं लाटेला दोष देतात, पण खाडीतून ट्रक भरून वाळू जाते आणि पुळणीला पुरवणारं दुसरं काहीच नाही. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायला पूर्वी जी सपाट पुळण लागायची ती काही ठिकाणी आता उरलेली नाही, म्हणून रापणीच बंद झाल्या. लाटेवर आपला हात चालत नाही, उपशावर तक्रार तरी करता येते. ग्रामसभेत ठराव करा, तहसीलदारांकडे द्या.

रावपुरा

शाब्बास पोरा. खाडीबद्दल मीच विचारायला हवं होतं असा प्रश्न तू विचारलास.

वाळूचा पुरवठा तुटला की काय होतं याचं आपल्या देशातलं उघडं उदाहरण पुदुच्चेरी. १९८० च्या दशकात तिथे बंदरासाठी समुद्रात बांध घातले. वाळू दक्षिणेकडे अडली आणि उत्तरेची शहरासमोरची पुळण नाहीशी झाली. लाटा त्याच होत्या, पातळी तीच होती. मग वर्षानुवर्षं दगड टाकत राहिले. शेवटी २०१८ च्या सुमारास चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने पाण्याखाली बांध घालून आणि वाळू टाकून थोडी पुळण परत आणली. तिथे दगडाने जे साधलं नाही ते वाळूने साधलं.

ताई, खाच बुजवायला भिंत पुढे नेऊ नका. खाचेत पुळणीसारखीच वाळू भरा, समुद्राच्या बाजूला बांबूच्या कामट्यांचं विरळ कुंपण घाला म्हणजे वाऱ्याने उडालेली वाळू तिथेच पडेल, आणि मर्यादवेल लावा. ती वाळूवर पसरते, खारं पाणी सोसते आणि फुकट मिळते. मागे केवडा आणि उंडी. माडाच्या पहिल्या ओळीवर पैसा घालू नका, ती जायची असेल तर जाऊ द्या. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, माड लावणाऱ्या माणसाचं मन मला कळतं. नवे माड घराच्या मागे लावा. आणि विहिरीचा पंप मे महिन्यात कमी चालवा, विहीर जास्त उपसली की खालून खारं पाणी वर चढतं. मचूळपणाचं तेही कारण असू शकतं.

आता मोजणी. दादा तिथे राहतो ही मोठी सोय आहे. दोन सरळ काठ्या घ्या, माणसाच्या छातीइतक्या, दोन्ही अगदी सारख्या लांबीच्या. दोन्हींवर वरून खाली सेंटिमीटरच्या खुणा करा. मध्ये दोन मीटरची दोरी. घराच्या जोत्याचा एक कोपरा कायमचा धरा आणि तिथून समुद्राकडे सरळ रेषेत चला. मागच्या काठीशी उभं राहून पुढच्या काठीचं टोक आणि क्षितिज एका रेषेत धरा. ती रेषा तुमच्या काठीवर वरून जितक्या सेंटिमीटरवर येईल तितका त्या दोन मीटरांत उतार. लिहून घ्या, मागची काठी पुढच्या जागी न्या, पुन्हा तेच. पाण्यापर्यंत पोचायला अर्धा तास लागतो. अमावस्या-पौर्णिमेच्या ओहोटीला केलं तर जास्त लांबवर जाता येतं. महिन्यातून एकदा, कायम त्याच ओळीत. अमेरिकेतल्या एका समुद्रशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये ही रीत छापली, आणि आजही किनाऱ्यांच्या अभ्यासात ती वापरतात.

त्याच वेळी लाटांचे सेकंदही मोजा. एक लाट फुटली की घड्याळ लावा, त्यानंतरची दहावी फुटली की थांबवा, दहाने भागा. वारा नसताना १४-१५ च्या पुढे आलं तर ती लांबून आलेली लाट आहे. त्या दिवशी पाणी पुळणीवर कुठपर्यंत चढलं तिथे खुंटी मारा. इन्कॉइसच्या संकेतस्थळावर किनाऱ्याचा लाटांचा अंदाज रोज असतो, त्यात उंचीबरोबर सेकंद आणि दिशाही देतात. तो वहीत शेजारी लिहा.

वाघोडिया रोड

काका, आमच्या बंधाऱ्यापुढे पुळण राहिलेली नाही हे खरं आहे. ओहोटीलासुद्धा पाणी दगडालाच लागतं. हे मी आजवर बंधाऱ्याशी जोडून पाहिलं नव्हतं. आता पायाचे दगड सुटतायत, तर काय करावं?

रावपुरा

तुमचं घर काठावर आहे, म्हणून बंधारा काढायला सांगणार नाही. पायाशी पुन्हा मोठे दगड उतारावर, पसरट बसवायला लागतील. उभे रचू नका. दगडांखाली जाड कापड घातलंय का ते बघा, नसेल तर वाळू फटींतून निसटत राहणार. आणि हे काम एकट्याने करू नका. ग्रामपंचायतीतून जिल्ह्याच्या पत्तन (बंदर) अभियंत्यांकडे अर्ज करा, फोटो पावसाळ्याआधीचे आणि नंतरचे दोन्ही जोडा.

कारेलीबागची माहेरवाशीण

दादाने काठ्या कापल्या. पुढच्या अमावस्येच्या ओहोटीला पहिली ओळ मोजणार आहे, त्याची मुलगी आकडे लिहिणार. खाडीच्या मुखाशी उपसा होतो का हे विचारलं तर तो फोनवर गप्प झाला, मग म्हणाला, होतो. कुणाचे ट्रक आहेत हे गावात सगळ्यांना माहीत आहे, म्हणून कुणी बोलत नाही. ग्रामसभेच्या अर्जावर आम्ही चारही भावंडं सही करणार आहोत. ठाण्याच्या भावाचीही तयारी आहे, मात्र विकण्याचं त्याने सोडलेलं नाही. भिंतीचे पैसे मी देणार नाही असं कळवलं. वाळू, कामट्या आणि मर्यादवेलीचा खर्च माझा.

हर्णैच्या दादा, उपशाच्या तक्रारीचा नमुना तुमच्याकडे असेल तर इथेच टाकाल का? आणि काका, दोन मीटरची दोरी ओली झाली की लांबते, नायलॉनची चालेल की साखळी घेऊ?

रावपुरा

दोरी नको. दोन मीटरची बांबूची काठीच आडवी धरा.